थकलेली जोडी

बावन्न वर्षांची झाली तरी घरात ती धाकटीच होती. रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान तिच्या वडिलांनी, अण्णांनी उघडलं, पण गेली वीस वर्षं ते तीच चालवत होती. तिने दिलेला सोल्डरचा डाग कधी सुटत नाही हे धंद्यातले पुरुषही कबूल करायचे. अर्थात ती समोर नसताना. तोंडाने फटकळ, नाकावर माशी बसू द्यायची नाही. चूक झाली तर मात्र मोकळेपणाने मान्य करायची, कारण चूक सहसा व्हायचीच नाही. आणि झाली तेव्हा अशी झाली, की धंद्याबाहेरच्या माणसाला ती चूक आहे हेसुद्धा कळलं नसतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी अण्णा झोपले असताना तिने त्यांच्या अँप्लिफायरचं झाकण काढलं. धूळ झटकायची, सैल झालेले डाग पक्के करायचे, एवढाच बेत होता. आत मुठीएवढ्या काचेचे, दिव्यासारखे पेटणारे दोन व्हॉल्व्ह होते, एक डाव्या स्पीकरसाठी, एक उजव्या. एकतीस वर्षं तेच. तिने दुकानातून आणलेल्या मीटरवर ते तपासले तर काटा अर्ध्यावरसुद्धा चढेना. थकलेले व्हॉल्व्ह जोडीनेच बदलायचे हे तिला अण्णांनीच शिकवलं होतं. तिने कपाटातली कोरी जोडी काढून बसवली, एक रेकॉर्ड लावून पाहिली. आवाज लख्ख झाला. जुनी जोडी खोक्यात घालून तिने त्याच दुपारी काजव्याकडे पाठवून दिली.

काजवा म्हणजे व्हॉल्व्हचा व्यापारी. सगळा दिवस अंधाऱ्या खोलीत पेटते व्हॉल्व्ह घेऊन बसतो म्हणून धंद्यातल्या लोकांनी त्याला हे नाव ठेवलं होतं. गावातले दुरुस्तीवाले आपला थकलेला माल त्याच्याकडे पाठवायचे आणि तो बदल्यात कोरा माल द्यायचा. त्याला हे कसं परवडतं ते देव जाणे. त्याची अट एकच. व्हॉल्व्ह घरात पेटत राहिलेला हवा, दुकानातला किंवा कारखान्यातला नको. आणि खोक्यावर लिहून द्यायचं, कुठली खोली, किती वर्षं. धाकटी याला म्हाताऱ्याचं खूळ म्हणायची, पण लिहून द्यायची. या वेळी तिने लिहिलं होतं: बसायची खोली, एकतीस वर्षं.

त्या संध्याकाळी अण्णा आपल्या खुर्चीत बसले. स्विच लावला, व्हॉल्व्ह तापेपर्यंत नेहमीसारखे थांबले. रेकॉर्ड काही लावली नाही. पाच मिनिटं ऐकत राहिले, मग स्विच बंद केला, खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि तिच्यात पुन्हा जाऊन बसले. त्यानंतर ते बोलले नाहीत. पाचव्या दिवसापासून जेवणही सुटलं. ओठाशी चमचा नेला की तोंड मिटून घ्यायचे.

आई जाऊन वर्ष झालं होतं. डॉक्टर म्हणाले, वय आहे, दुःख आहे, मन उठलंय. दादा काहीच मनाला लावून न घेणारा माणूस, तो म्हणाला, "अगं, थकलेत ते. आपण आता मनाची तयारी ठेवावी."

"तयारी तू ठेव," धाकटी म्हणाली. "मला वेळ नाही."

अकराव्या दिवशी अण्णांनी खुणेने पेन मागितलं आणि औषधाच्या पाकिटावर दोन शब्द लिहिले. जुने आण.

तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. वर्षभर ती बघत होती: अण्णा अँप्लिफायर लावून बसायचे आणि रेकॉर्ड कधीची संपलेली असायची, नाही तर लावलेलीच नसायची. विसरत असतील असं समजून ती मायेने जाऊन स्विच बंद करायची. ती पाठमोरी झाली की अण्णा पुन्हा लावायचे. ते काय ऐकत होते, हे तिने त्यांना एकदासुद्धा विचारलं नव्हतं. त्या जुन्या जोडीत अण्णांचा जीव अडकला होता, आणि ती जोडी तिने स्वतःच्या हाताने घराबाहेर काढली होती. बाराव्या दिवशी दादाला अण्णांपाशी बसवून ती निघाली.

चष्म्याच्या दुकानाच्या वर तिसरा मजला. लिफ्टच्या दारावर 'बंद' अशी पाटी आणि त्या पाटीवरही धूळ. जिन्यात फिनेलचा वास होता; वर जाता जाता तो मागे पडला आणि तिच्या ओळखीचा दुसरा वास आला, तापलेल्या धुळीचा आणि वार्निशचा. दुपारचे साडेतीन वाजले होते.

दार उघडणारा माणूस सत्तरीचा, अंगाने वाळका. हातांवर पांढरे सुती हातमोजे.

"दार हळू लावा," तो म्हणाला.

खोली लांबलचक होती. खिडक्यांवर जाड घोंगड्या ठोकलेल्या, त्यामुळे आत उकाडा, आणि रस्त्यावरचा एकही आवाज नाही. जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर खोकी. तिने काही अक्षरं लगेच ओळखली, धंद्यातल्याच लोकांची होती. स्वयंपाकघर, बावीस वर्षं. जिन्याखालची खोली, सहा वर्षं. आजारी माणसाची खोली, चार. पाळण्याची खोली, दीड वर्ष. शेवटच्या खोक्यावरून तिने नजर काढून घेतली.

मधल्या टेबलावर झाकण काढलेला एक सेट, त्याला व्हॉल्व्ह बसवायची एकच बैठक आणि एकच स्पीकर. कोपऱ्यात दुसरा एक छोटा सेट होता. त्यातला व्हॉल्व्ह पेटलेला होता आणि समोर एक खुर्ची होती, बसून बसून बैठक खोलगट झालेली.

"बारा दिवसांपूर्वी माझ्या दुकानातून एक जोडी आली," धाकटी म्हणाली. "ती परत हवी. बदल्यात तीन कोऱ्या जोड्या आणल्यात, सीलबंद."

"कोरे मुके असतात, बाई. मुके घेऊन मी काय करू?"

"तुम्हीच तर वाटता ते सगळ्यांना."

"म्हणूनच वाटतो." त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "आलेला माल मी परत देत नाही."

तिने गोड बोलायचं ठरवलं होतं. जिन्यात दोनदा मनाशी घोकलंही होतं. पण गोड बोलणं तिच्या जिभेला कधी मानवलं नाही. "माझे वडील सात दिवस जेवलेले नाहीत," ती म्हणाली. "ती जोडी गेल्यापासून बोललेले नाहीत. मी ती घेतल्याशिवाय हलणार नाही. काय करायचं ते करा."

काजव्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"म्हणजे त्यांना ऐकू येत होतं," तो म्हणाला.

"काय?"

त्याने फळीखालून एक पसरट ट्रे ओढला. कापसावर ओळीने व्हॉल्व्ह ठेवले होते, सगळे तिच्या जोडीच्याच नंबरचे, सगळे स्पिरिटने पुसून चकचकीत केलेले. "गेल्या महिन्यातले. अजून ऐकून झालेले नाहीत. खोक्यावर लोक वाटेल ते लिहितात, म्हणून मी ऐकल्याशिवाय फळीवर चढवत नाही. अडतीस आहेत. ओळखा."

"मीटर द्या."

"मीटर नाही माझ्याकडे. मीटर काय सांगणार, किती उरलंय ते. काय भरलंय ते नाही सांगत."

याच्या डोक्यावर परिणाम झालाय, धाकटीने मनात नोंद केली. पण वेड्याशी वाद घालण्यापेक्षा त्याच्याच पद्धतीने काम उरकलेलं बरं. तिने टेबलाशी खुर्ची ओढली, पहिला व्हॉल्व्ह बैठकीत दाबला आणि स्विच लावला. काचेच्या पोटात लाल ठिपका उमटला, वाढला. स्पीकरमधून नेहमीची बारीक खरखर आली.

मग एक झारा पातेल्याच्या काठावर दोनदा आपटला.

धाकटी खुर्चीतच वळली. मागे कोणी नव्हतं. काजवा हातावर हात ठेवून बसला होता. स्पीकरमध्ये नळ सुरू झाला, बंद झाला. एक बाई नाक ओढत होती. रडत असावी किंवा कांदा चिरत असावी.

"टेप कुठे लावलीय?" तिने विचारलं.

"शोधा."

तिने खरंच शोधलं. सेटला येणारी एकूण एक वायर तिने काढली, फक्त विजेची ठेवली. टेबलाखाली हात घालून पाहिला, स्पीकर उलटा केला, सेटच्या आतल्या जोडण्या बोटाने चाचपल्या. एरियल नव्हता, बाहेरून काही आत येईल अशी फटसुद्धा नव्हती. जुन्या व्हॉल्व्हच्या काचेवर टिचकी मारली तर ती स्पीकरमध्ये ऐकू येते, हे तिला पोरवयापासून माहीत होतं. पण टिचकी मारायला इथे कोणी नव्हतं. आवाज यायला वाट हवी, हा तिच्या धंद्याचा पाया, आणि या सेटमध्ये वाटच नव्हती. बाई मात्र कांदा चिरतच होती.

काही का असेना, ती मनाशी म्हणाली. मी भुतं बघायला आलेली नाही. मी अण्णांचा माल न्यायला आलेय.

तिने दुसरा लावला. दुसऱ्यात एक पोरगा सतराचा पाढा म्हणत होता आणि सतरा सक्कंपाशी येऊन दर वेळी अडत होता. तिसऱ्यात कोणी तरी पत्ते पिसत होतं. चौथ्यात दोन माणसं इतक्या हळू आवाजात भांडत होती, की तिला स्वतःची लाज वाटली आणि तिने घाईने स्विच बंद केला. प्रत्येक वेळी निवेपर्यंत थांबायचं, रुमालात धरून उपसायचा, पुढचा लावायचा. पाठीवरून घामाची धार लागली होती. काजव्याचे ओठ हलत होते. तो प्रत्येक आवाज स्वतःशी पाठ करून ठेवत असल्यासारखा दिसत होता. दहाव्या व्हॉल्व्हपर्यंत चार वाजून गेले.

अकरावा तापला आणि कोणी बोलण्याआधीच तिला कळलं.

त्यांच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ लंगडतं. एक ठोका लांब, एक आखूड. खिडकीजवळची फरशी सैल आहे, पाय पडला की ठक्क करते. ते दोन्ही आवाज तिथे होते. मग फरशी पुन्हा वाजली आणि आई खोकली.

"पंखा कमी करा हो जरा," आई म्हणाली.

 वर्षभरात धाकटी रडली नव्हती. दुकान होतं, अण्णा होते, रडायला सवड कुणाला होती. आता डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि तिने ते पुसलंही नाही. आई पंख्याबद्दल बोलत होती. कुठल्या तरी साध्या संध्याकाळी, काहीच घडत नसताना. धाकटीने काचेवर हात ठेवला.

पेटत्या व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, हा धंद्यातला पहिला धडा. आठव्या वर्षी शिकलेला तो धडा ती बावन्नाव्या वर्षी विसरली. बोटं चरचरली, तिने हिसका देऊन हात मागे घेतला आणि दातांतून श्वास ओढला.

स्पीकरमधलं घड्याळ थांबलं.

"किती वेळा सांगितलंय, गरम असतं ते," आई म्हणाली. "पाण्याखाली धर आधी."

 घड्याळ पुन्हा सुरू झालं, लांब, आखूड, लांब. काजवा उभा राहिला होता. त्याची खुर्ची मागे पडली होती आणि तिचा आवाज झाला होता की नाही, हेही धाकटीला आठवेना.

"तुमच्याशी बोलली ती," तो म्हणाला. "तुमच्याशी. आत्ता."

"आई आहे माझी. बोलणारच."

"नाही बोलत!" त्याचा आवाज चिरकला. "ते आपलं आपलं बोलतात. तेव्हाचं. मी आठ वर्षं त्या कोपऱ्यात बसून हाका मारतोय, बाई. रोज. एकदा ओ दिली नाही तिने मला." त्याने मोज्याने तोंड पुसलं. "हा इथेच राहू द्या. तुम्हाला हवं तेव्हा या, दिवसभर बसा. तिला विचारून बघा, माझ्या बायकोला निरोप देता येतो का. एवढंच विचारून बघा."

त्याची कीव आली, खरंच आली. पण घरी भिंतीकडे तोंड करून बसलेला माणूस तिचा होता. "काका," ती म्हणाली, "माझी आई तुमच्या फळीवर राहणार नाही. दुसरा कुठाय?"

"जोडीतला शेजारीच असतो."

तिने आईचा व्हॉल्व्ह काढला, रुमालात गुंडाळला आणि शेजारचा बैठकीत दाबला. तिच्या मनगटावरच्या घड्याळात तेव्हा साडेचार झाले होते. ठिपका लाल झाला.

त्यातून घड्याळ आलं नाही, फरशीही वाजली नाही. आला तो फक्त श्वास. अगदी जवळ बसून कोणी कान देऊन ऐकत असावं तसा. सावकाश, आणि सोडताना नाकात बारीक शिट्टी वाजवणारा.

ती शिट्टी ऐकत ती लहानाची मोठी झाली होती. पण अण्णा घरी होते. जिवंत होते. दादा त्यांच्यापाशी बसला होता.

काजवा स्पीकरवर वाकला होता. "हा माणूस," तो दबक्या आवाजात म्हणाला, "अजून आहे?"

"आहे."

"मग काढू नका तो. एकदा तापलाय, आता—"

"घरी नेणार आहे मी."

"बाई, जिवंत माणसाचा मी कधी बघितलेला नाही. मलाही माहीत नाही काय होईल. काढू नका."

"तुम्हालाच माहीत नाही, तर सांगताय काय?" तिने स्विच बंद केला.

ठिपका विझायला वेळ लागला. श्वास लांबत गेला, लांबत गेला, आणि मग आला नाही. तिने पोळलेल्या बोटांनीच व्हॉल्व्ह उपसला.

काजवा दारात जाऊन उभा राहिला होता. दोन्ही हात चौकटीला लावून.

"बाजूला व्हा."

"ऐकून तर घ्या माझं."

"जन्मभर ऐकतेच आहे मी," धाकटी म्हणाली. "बाईच्या हातात सोल्डर टिकणार नाही. एकटीच्याने दुकान चालणार नाही. आईच्या मागे अण्णा फार दिवस काढणार नाहीत. ज्याला त्याला मला 'नाही'च सांगायचं असतं. बाजूला व्हा, नाही तर ही खोकी एकेक करून खाली येतील आणि मग ऐकत बसा."

तो बाजूला झाला. ती दुसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा त्याने वरून वाकून काही तरी ओरडून सांगितलं. 'लावलात की...' एवढं तिला ऐकू आलं. पुढचं ऐकायला ती थांबली नाही.

घराचं दार दादाने उघडलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"फोन का उचलत नाहीस? साडेचारला एकदम ताठ बसले गं. मान वळवली, काही तरी पुटपुटले. मला वाटलं, आले ताळ्यावर. आणि दोन मिनिटांत मान टाकली. डॉक्टर निघालेत."

अण्णा खुर्चीत होते. तोंड भिंतीकडे, हनुवटी छातीवर. तिने हाताला हात लावला. गार.

"धाकटे," दादा म्हणाला, "आता नको काही. ये इकडे."

ती अँप्लिफायरपाशी गुडघ्यावर बसली. कोरी जोडी उपसून जमिनीवर टाकली. एक व्हॉल्व्ह गडगडत कोपऱ्यात गेला. पोळलेल्या बोटांना शिवी देत तिने जुने बसवायला घेतले. डावा बसला. उजवा बसला.

"अगं, काय चाललंय तुझं? माणूस जातोय इथे!"

"जात नाही," ती म्हणाली. "मी जाऊ देत नाही."

तिने स्विच लावला.

तीस सेकंद लागतात. तिने मोजले. वीसपर्यंत काहीच नव्हतं. पंचविसाला खरखर आली. दादा बाहेरच्या खोलीत फोनवर डॉक्टरांना पत्ता समजावत होता.

"उठा हो," उजव्या स्पीकरमधून आई म्हणाली. "पोरगी दमून आलीय."

अण्णांची हनुवटी छातीवरून वर आली.

त्यांनी खुर्चीतच अंग फिरवलं, धाकटीकडे पाहिलं, अँप्लिफायरकडे पाहिलं. तोंडभर हसले. "आणलेस," ते म्हणाले. बारा दिवसांनी निघालेला आवाज, पण खणखणीत. "भूक लागलीय गं."

दादा धावत आत आला. बावन्न आणि अठ्ठावन्न वर्षांची दोन पोरं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. धाकटीने सूप गरम केलं. अण्णा स्वतःच्या हाताने चमचा धरून खायला लागले. आई मधूनमधून बोलत होती, खिडकीबद्दल, दुधाबद्दल. दादाला ते ऐकू येत नसावं. त्याने एकदाही मान वळवली नाही. धाकटी जिंकली होती. डॉक्टर, दादा, काजवा, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून जिंकली होती आणि तिला त्याचा आनंद लपवावासा वाटत नव्हता.

"तुझी आई म्हणत होती," अण्णा चमचा उचलत म्हणाले, "की तू हल्ली फार—"

"रेकॉर्ड नाही काही नाही, नुसती खरखर कशाला?" दादा म्हणाला आणि त्याने जाता जाता स्विच बंद केला.

अण्णा थांबले.

चमचा ओठांपासून चार बोटांवर होता. त्यातलं सूप हललंसुद्धा नाही. डोळे उघडे होते, तोंड पुढच्या शब्दासाठी उघडलेलं होतं. छाती वर आलेली, तशीच वर राहिली.

"अण्णा?" दादा म्हणाला. "अण्णा?"

धाकटीने स्विच लावला. तीस सेकंद. ती मोजत नव्हती, तिचे ओठ मोजत होते.

"—वाळलीस," अण्णा म्हणाले आणि चमचा तोंडात घातला.

दादाने सुस्कारा सोडला. "डोळा लागला असेल. या वयात लागतो असा, बोलता बोलता."

डोळे उघडे होते, हे तिने त्याला सांगितलं नाही. चिकटपट्टीचा तुकडा तोडून तिने स्विचवर आडवा चिकटवला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. "बॅटरी घेऊन ये," ती दादाला म्हणाली. "बाजारात असेल ती मोठ्यात मोठी. दोन आण. वीज गेली तरी हा सेट बंद पडता कामा नये."

"आत्ता?"

तिने दार उघडून धरलं. तो चपला घालून निघून गेला.

मीटरचा काटा अर्ध्यावर चढला नव्हता, हे ती विसरली नव्हती. अर्ध्याहून कमी का होईना, काही तरी शिल्लक होतं. किती दिवस, किती महिने, ते कोण सांगणार. आणि कोणी सांगितलं असतं तरी तिने ऐकलं नसतं. उरलंय तेवढं तिचं होतं. त्यातला एक तासही ती कोणाला देणार नव्हती.

"काय बघतेस अशी?" अण्णा म्हणाले.

"काही नाही. तुम्ही जेवा."

तिने त्यांचा डावा हात हातात घेतला. आता तो ऊबदार होता, छान ऊबदार. डॉक्टर धरतात तसं तिने मनगटावर बोट ठेवलं.

ठोका लागला नाही. बोट थोडं सरकवलं, थोडं दाबलं. कातडीखाली एक बारीक, सलग थरथर होती. न थांबणारी, कमीजास्त न होणारी. चालू ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवला की लागते ती. पस्तीस वर्षं ती तिच्या बोटांना पाठ होती.

जिन्यात डॉक्टरांची पावलं वाजली. धाकटीने अण्णांच्या सदऱ्याची बाही खाली ओढली आणि मनगटावरचं बटण लावलं. मग दुसऱ्या हाताचंही लावलं.